नागीण वेगळी, हे वेगळं

त्यांनी फोनवर दोनदा घसा खाकरला, तेव्हाच वाटलं की काहीतरी अवघड सांगायचंय. वैजापूरला त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. माझा घटस्फोटही जुना. वर्षभरापासून ते रविवारी छावणीतल्या माझ्या घरी जेवायला येत, आणि हल्ली मुक्कामालाही राहत.

"खाली फोड आलेत," ते म्हणाले. "डॉक्टरांनी तपासणीला पाठवलं होतं, हर्पीस निघालं. तुम्हीही दाखवून घ्या. मागच्या वेळी मला काही नव्हतं हो, खरंच."

"बरं," म्हणून मी फोन ठेवला. रागाच्या आधी धास्ती वाटली ती आमच्या गल्लीतल्या लॅबची. तिथं रक्त घेणारी मुलगी मी शिकवते त्याच शाळेत शिकलेली. म्हणून दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि रिक्षा करून उस्मानपुऱ्यातल्या एका त्वचेच्या डॉक्टरीण बाईंकडे गेले.

बाकावर माझ्या पूर्वीच्या सासूबाई बसल्या होत्या.

परत फिरावंसं वाटलं, पण त्यांनी पाहिलं होतं. "तू इथं कशी गं?" त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली, मला जागा केली.

"दाखवायला आले."

"नागीण उठली व्हय तुला बी? माझ्या कमरेला बघ, लई आग होते. शेजारणीनं गेरू लावला, त्यानं काय फरक नाय. तू गेरू-बिरू लावू नको."

"नाही लावत," मी म्हणाले. त्यांच्या मुलाबद्दल आम्ही दोघीही बोललो नाही. त्या बारीक झाल्या होत्या. त्यांना आत बोलावलं तेव्हा मी हात धरून उठवलं. दाराशी थांबून त्यांनी हळूच विचारलं, "कुणी हाय का गं तुझ्या सोबतीला?"

"आहेत."

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

माझा नंबर आला. डॉक्टरांना मी सगळं सरळ सांगितलं. त्या पोरसवदा बाई सर्दी-खोकल्याचं ऐकावं तशा ऐकत होत्या. त्यांनी तपासलं.

"फोड नाहीत, त्यामुळे स्वॅब घेण्यात अर्थ नाही. रक्तात आज फक्त जुनी लागण दिसेल. नवीन असेल तर दिसायला वेळ लागतो. बाकीच्या तपासण्या आज करू, हर्पीसची एकदमच तीन महिन्यांनी करू. मध्ये काही उठलं तर लगेच या."

"म्हणजे नागीणच ना ही?"

"नाही, नागीण वेगळी. नाव जवळचं आहे, एवढंच."

मग मनातलं विचारलं, "त्यांनी दुसरीकडे कुठं..."

"ते मला सांगता येणार नाही. पण हा विषाणू अंगात कित्येक वर्षं गप्प बसू शकतो. माणसाला स्वतःलाही ठाऊक नसतं."

ते तीन महिने शाळेतल्या सहामाहीत आणि पेपर तपासण्यात गेले. सुरुवातीला रोज आंघोळ करताना अंग निरखत होते, नंतर विसरायला लागले. ते रोज फोन करत, पण येऊ का म्हणून विचारत नसत. एकदा मीच म्हटलं, "जेवायला यायला काय हरकत आहे?" त्या रविवारी ते आले, पिठलं-भाकरी खाल्ली आणि संध्याकाळच्या बसनं परत गेले.

बाकीच्या तपासण्यांत तेव्हाच काही निघालं नव्हतं; आता हर्पीसचा रिपोर्ट आला. एक प्रकार निघाला, पण तो ओठांवर फोड आणणारा, बहुतेक लहानपणापासूनचा. त्यांचा जो होता, तो माझ्यात नव्हता. काळजी काय घ्यायची, फोड येण्याआधी चुणचुणतं तेव्हापासूनच लांब राहायचं, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. ते कान लाल करून सगळं ऐकत राहिले.

बाहेर आल्यावर मी सासूबाईंना फोन लावला. आग कमी होती, पण झोप लागत नव्हती. "येत जा कधी," त्या म्हणाल्या. अजून गेले नाही, पण जाईन.

ते आता पुन्हा मुक्कामाला येतात. कधी दुपारीच फोन करून म्हणतात, "आज जरा चुणचुणतंय. मी बाहेरच्या खोलीत झोपेन." मी तिथं गादी घालून ठेवते आणि दोघांचा चहा टाकते.