तासांचा मीटर आणि नानांचा कान

माझ्या वडिलांना, नानांना, गाडीतल्या मीटर या वस्तूचा मनापासून तिटकारा होता. धुळ्याला त्यांचं गॅरेज होतं आणि त्याच्याच मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. जुनी डिझेल गाडी घ्यायची म्हटलं की शिंदखेड्यापासून एरंडोलपर्यंतची माणसं आधी ती नानांना दाखवायची. नाना लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मालकानं मीटरकडे बोट दाखवलं की म्हणायचे, "मीटरनी वायर काढता येस, भाऊ. इंजिनना खोकला काढता येत नही." म्हणजे वायर काढून मीटर थांबवता येतो, इंजिनाचा खोकला लपवता येत नाही. त्यांच्या या रुबाबाचा मला भारी अभिमान होता. मुलीला असलं काही कोण शिकवतं? पण त्यांनी मला जवळ उभं करून इंजिनाचा एकेक आवाज ओळखायला शिकवला होता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. माझं लग्न होऊन मी जळगावला गेले होते. आमच्या ह्यांनी दहा वर्षं दुसऱ्याची गाडी चालवली होती. आता स्वतःची पिकअप घेऊन केळी वाहायची, एवढीच त्यांची इच्छा. भुसावळला एक जुनी पिकअप मिळत होती. आधीच्या मालकानं मागे गाडीच्याच इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर बसवून ती विहिरींच्या कामावर लावली होती. गाडी एका जागी उभी आणि इंजिन दिवसभर चालू, त्यामुळे किलोमीटरच्या आकड्याला काही अर्थ नव्हता. इंजिन किती तास चाललं ते मोजणारा वेगळा मीटर त्यानं बसवला होता. त्यावरचे तास मात्र फारच कमी होते.

नानांना आम्ही मुद्दाम बोलावून घेतलं होतं. इंजिन सुरू झालं आणि मला खालून बोदा, दबका ठोका ऐकू आला. बेअरिंग झिजल्याचा. अगदी स्पष्ट. नानांनी स्क्रू-ड्रायव्हर लावला, डोळे मिटले, बराच वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी खिडकीतून आत वाकून मीटर वाचला. जन्मात पहिल्यांदाच.

"लई ल्या, जवाईबापू," ते म्हणाले. "इंजिन कमी चालेल शे." म्हणजे घेऊन टाका, इंजिन फार चाललेलं नाही.

त्या क्षणी मला सगळं कळलं. माहेरी गेलं की रेडिओ ठणाणा करत असायचा, आई तीन-तीन हाका मारायची, आणि आम्ही म्हणायचो, नाना हल्ली फार हट्टी झालेत. हट्ट कसला डोंबलाचा! आयुष्यभर इंजिनांना कान लावून त्यांचे कान गेले होते, आणि ते लपवत होते. पण चारचौघांत, जावयासमोर, हे मी कसं बोलणार होते? ह्यांनी तिथल्या तिथे गाडीला हार घातला, नानांच्या पाया पडले, आणि मी शेजारी उभी राहून हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दोन महिन्यांनी पारोळ्याच्या रस्त्यावर, गाडीत केळी भरलेली असताना इंजिन जाम झालं. भर उन्हात माल काळा पडला. गाडी ओढत धुळ्याला आणली आणि हे दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर जायला लागले. नानांना ते एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

नानांनी इंजिन स्वतः उघडलं. कोणाला हात लावू दिला नाही. मी माहेरी आले होते; चहा घेऊन गेले तेव्हा ते झिजलेली बेअरिंग तळहातावर घेऊन तिच्यावरून अंगठा फिरवत बसले होते. गॅरेजमध्ये आम्ही दोघंच होतो.

"त्या दिन आवाज येत व्हता का?" त्यांनी विचारलं.

ते माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते, ओठांकडे बघत होते.

"नही, नाना."

"मंग त्या मीटरनीच फसाडं आपले," ते म्हणाले आणि पुन्हा बेअरिंगकडे बघू लागले. इतकी झिजलेली बेअरिंग ठोका दिल्याशिवाय राहत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली आणि तोच प्रश्न परत विचारला. मी जवळ जाऊन, जरा मोठ्यानं, पुन्हा नाही म्हणाले.