दोन्हीकडून सारखं

लातुरात गल्लोगल्ली क्लास उघडत होते, तेव्हा मी एका क्लासची वेबसाइट बनवायला घेतली. माझं पहिलंच काम. सरांची अट एकच: त्यांचा फोटो पानाच्या मधोमध पाहिजे आणि भोवती बोर्डात आलेली पोरं. निकालाच्या आत जमलं तर ठीक, नाही तर काम पुण्याच्या माणसाला.

मी डाव्या कडेपासून पिक्सेल, म्हणजे स्क्रीनवरचे ठिपके, मोजून फोटो बरोबर मध्ये बसवला. माझ्या स्क्रीनवर झकास दिसला. सरांच्या केबिनमधल्या मोठ्या स्क्रीनवर मात्र सर डावीकडं सरकले आणि उजवीकडं नुसतं मैदान.

"मॅडम, मला वर्गाबाहेर उभं केलंय काय?" सर म्हणाले.

आकडा वाढवला, तर माझ्या स्क्रीनवर सर उजव्या कडेला चिकटले. तीन दिवस हाच खेळ. लई वैतागले मी.

त्यात घरी आईची खाट. भूकंपात गाव पडलं, आम्ही वाचून लातुरात आलो, तेव्हापासून ती खाट भिंतीला लावू द्यायची नाही. खोलीच्या ऐन मध्ये हवी. माझ्या नडग्या कायम निळ्या. त्या दिवशी झाडून झाल्यावर, सरकवलेली खाट परत मध्ये ठेवायला, मी चिडून शिलाईचा टेप काढला आणि भिंतीपासून मोजायला बसले.

"मोजून काय करतीस?" आई म्हणाली. "भाड्याच्या तीन खोल्या बदलल्या, मी कधी मोजलं का? दोन्हीकडून सारखी जागा सोड. खाट आपसूक मधी येती."

टेप तिथंच टाकून मी कॉम्प्युटरकडं पळाले. आकडे पुसले आणि त्यालाच सांगितलं, बाबा, स्क्रीन केवढीही असू दे, फोटोच्या दोन्ही बाजूंची जागा तूच सारखी वाटून घे.

सर दोन्ही स्क्रीनवर मधोमध बसले. खूश होऊन म्हणाले, "कुठं शिकलात हे?" मी हसत हसत आईच्या खाटेची गंमत सांगितली.

सर हसले नाहीत. "मीबी भिंतीला काही लावत न्हाई," म्हणाले.

तेव्हा कुठं मला त्यांचं टेबल नीट दिसलं. चारी भिंतींपासून लांब, केबिनच्या मध्ये. इतके दिवस मी त्याला रुबाब समजत होते. लाज वाटली मला.

संध्याकाळी घरी आले. आईनं झाडायला खाट सरकवलेली होती. तिनं सांगायच्या आत, पहिल्यांदाच, मी ती मध्ये ओढली. आई दारातून बघत होती.

"उजवीकडं जरा जास्त झालंय," ती म्हणाली.