थुंकीत नापास

माझा उदासीचा आजार गोळीने आटोक्यात आला आणि गोळीनेच नोकरी जायची वेळ आली. रिठदच्या शाळेत मी चौथीच्या वर्गासमोर खुर्चीवर बसल्याबसल्या घोरायचो. पोरं शहाणी, आवाज न करता पळून जायची. मुख्याध्यापकांनी दोनदा लेखी खुलासा मागितला. तिसऱ्यांदा थेट वर कळवणार होते. गोळी सोडून पाहिली, तर महिन्याभरात विहिरीकडे जरा जास्तच प्रेमाने बघायला लागलो. मग पुन्हा गोळी, पुन्हा घोरणं.

शेवटी वाशीमच्या डॉक्टरांनी जनुकांची टेस्ट सुचवली. नळीत थुंकायचं आणि ती नळी पुण्याला पाठवायची. "आजार कोणता, ते यात कळत नाही," ते म्हणाले. "तुमचं शरीर औषध किती वेगाने मोडतं, तेवढं कळतं."

आईने त्यातलं फक्त 'टेस्ट' ऐकलं. थुंकायच्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर तिने पिशवीतून डबी काढली आणि दही-साखरेचा चमचा माझ्या तोंडात कोंबला. "परीक्षेले जाताना तोंड गोड करा लागते." दहावीला तिने हेच केलं होतं आणि मी गणितात बरोब्बर पस्तीस घेऊन सुटलो होतो, त्यामुळे तिचा दह्यावर पूर्ण विश्वास. अर्ध्या तासात काही खाल्लं का, असं आत नर्सने विचारलं. आईच्या देखत आईची चुगली कोण करणार? मी नाही म्हणालो. आठवड्याने निरोप आला, नमुना बाद. दहावी पास झालेला मी थुंकीत नापास झालो.

दुसऱ्या वेळी आईला चहाच्या टपरीवर बसवून मी एकटाच थुंकून आलो. रिपोर्ट आला. माझं लिव्हर ते औषध फार सावकाश मोडतं, म्हणून कालची गोळी अंगात असतानाच आजची पडायची. डॉक्टरांनी डोस निम्मा केला. मी खूश. मंद मी नाही, माझं लिव्हर आहे, हे कागदावर आलं होतं. तो कागद मुख्याध्यापकांच्या नाकासमोर धरायची मला घाई झाली होती.

आई मात्र खूश नव्हती. गोळी पुन्हा सुरू झाल्यापासून दोन वर्षं रोज जेवणानंतर ती स्वतः मला गोळी द्यायची, मग जीभ वर करायला लावून गिळली का ते बघायची. एक दिवस चुकला नाही. बसस्टँडवर म्हणाली, "म्हंजे मीच तुले झोपवून राह्यली होती?"

मला काहीतरी चावट सुचायला हवं होतं. "तू पाहत नसती ना आई, तं म्या एकबी गोळी गिळली नसती. जित्ता नसतो मी आज."

घरी जेवणं झाल्यावर तिने अर्धी गोळी माझ्या हातावर ठेवली आणि पहिल्यांदाच, न बघता आत निघाली. मी हाक मारून तिला थांबवलं आणि तोंड उघडलं.