जयवंतरावांचा हौद

जयवंतराव सामंतांच्या परसात पोहायचा हौद होता, पण ती काही त्यांची श्रीमंती नव्हे. ते मोजणी खात्यातले साधे सर्व्हेअर, मूळचे वेंगुर्ल्याचे. सिल्वासात ज्या बंगल्यात त्यांना बिऱ्हाड मिळालं, तो एका पोर्तुगीज साहेबाचा. साहेब जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. बंगल्यात आता चार सरकारी बिऱ्हाडं होती, आणि मागे साहेबाचा हौद तसाच राहिला होता. एका टोकाला पुरुषभर खोल, दुसऱ्या टोकाला उतरायच्या पायऱ्या, तळाला पांढरी फरशी.

चार बिऱ्हाडांत मिळून अकरा पोरं. जयवंतरावांनी पहिल्याच महिन्यात जवळच्या खडोली गावाहून बांबू आणवून हौदाभोवती दाट कुंपण घातलं आणि दाराची कडी पोरांचा हात पोचणार नाही इतकी वर बसवली. पोरांना पोहायला तेच शिकवत. मात्र तळाची फरशी स्वच्छ दिसली नाही, तर पाण्यात कुणी पाय घालायचा नाही. आत जाताना डोकी मोजायची, बाहेर येताना पुन्हा मोजायची. गावाकडे त्यांचं कुणी बुडालं होतं, असंही काही नाही. माणूस काळजीखोर होता, बस्स. चारचौघांत त्यांची थट्टा होई, आणि खरं सांगायचं तर थट्टेला ते फार भीत.

भीड भिकेची बहीण म्हणतात, ती इथेच आडवी आली.

त्या भाद्रपदात दमणगंगा दुथडी भरून वाहत होती. पाचव्या दिवशी चारही घरचे गणपती न्यायचे कुठे? शेजारचे रमाकांत, मुंबईहून आलेले शाळामास्तर, म्हणाले, "घरचा हौद असताना नदीवर कशाला मरायला जायचं?"

"पाणी गढूळ होईल. तळ दिसणार नाही," जयवंतराव म्हणाले.

"अहो, देवाला काय तळ बघून बुडवतात?"

सगळे खो खो हसले. जयवंतरावही ओशाळं हसले, आणि त्यांनी हो म्हटलं.

संध्याकाळी आरत्या झाल्या, मूर्ती पाण्यात गेल्या. माती, गुलाल, निर्माल्य. बघता बघता हौदाचा चिखल झाला. खिरापत घेऊन माणसं पुढच्या अंगणाकडे निघाली. जयवंतराव दाराशी उभे राहून पोरं मोजत होते. दहा. पुन्हा मोजली. दहाच.

"शैलू कुठाय?"

शैलजा ही रमाकांतांची धाकटी, पाच वर्षांची. "आईबरोबर पुढे गेली असेल," रमाकांत म्हणाले. पण तिची आई सुलभाताई समोरूनच आल्या, त्यांना वाटत होतं पोर बापाजवळ आहे. रमाकांत जयवंतरावांना म्हणाले, "गर्दीत मोजायला चुकलात तुम्ही. आधी घरात बघू, मग रस्त्यावर—"

"आधी पाणी!" जयवंतराव ओरडले. त्यांचा एवढा मोठा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता. अंगावरच्या कपड्यांनिशी त्यांनी उडी टाकली.

आत डोळे उघडून काही उपयोग नव्हता. शेत मोजावं तसे ते खोल टोकापासून पट्ट्यापट्ट्यानं तळ चाचपत निघाले. एक पाट लागला. नारळ लागला. दम संपला, वर आले, पुन्हा खाली गेले. काठावर सुलभाताई लेकीला हाका मारत होत्या. दुसऱ्या पट्ट्यात बोटांना एक इवलासा हात लागला. त्यांनी तो घट्ट धरून ओढला, आणि तो मुठीतच मोडला. मातीचा होता.

त्या क्षणी जयवंतरावांना देवाचा राग आला, आणि त्याहून स्वतःचा.

वर आले तेव्हा पायऱ्यांजवळ झेंडूचा हार तरंगताना दिसला. पोर तो ओढायला वाकली असेल, म्हणून ते तिकडे वळले. शेवटच्या पायरीखाली फ्रॉकचा घोळ हाती आला, मग गार पडलेला दंड. हा हात मोडला नाही.

काठावर पोरीला पालथी निजवून ते पाठीवर दाब देऊ लागले. दाबायचं, सोडायचं. तिचे ओठ निळे पडले होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग तोंडातून गढूळ पाणी आलं, ठसका लागला, आणि शैलूनं असा टाहो फोडला की सुलभाताईंनी तिला ओढून पोटाशी धरलं.

रमाकांत वयानं मोठे, तरी जयवंतरावांच्या पायांवर वाकले. "देवासारखे धावलात तुम्ही—"

जयवंतरावांनी पाय मागे घेतले.

"नका," ते म्हणाले. "दार मीच उघडलं होतं."