हालू नोको

अख्ख्या इचोडा गावाला ज्यांनी एका जागी गप्प बसवलं असे माझ्या पाहण्यात एकच गृहस्थ, आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. आणि स्वतः एका जागी क्षणभर गप्प बसू न शकणारे गृहस्थही तेच. बसस्टँडसमोर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की ‘हालू नोको, हिलो मत, कदलोद्दु’ असा मराठी, हिंदी, तेलुगू अशा तीन भाषांतला मंत्र म्हणत ते कॅमेऱ्याकडे निघत. तेवढ्यात कॉलर दिसे, परत येत. केसांची बट दिसे, परत येत. शेवटी दोन बोटांनी हनुवटी वर करत आणि बोटं तिथंच विसरत. घरी उतू जाणाऱ्या दुधालाही ते आधी ‘हालू नोको’च म्हणायचे. स्वतःच्या लग्नात अंतरपाट दूर होताच त्यांनी फोटोग्राफरच्या हातून कॅमेरा ओढून घेतला, कारण त्याला उजेड कळत नव्हता म्हणे. त्यामुळे अल्बमभर अक्का एकटीच लग्न करते आहे. जोडीचा एक फोटो असावा, एवढंच ती पुढे वर्षानुवर्षं मागत राहिली.

एकोणीसशे नव्वदनंतर कधीतरी नागपूरहून कॅमेऱ्याचं बटण दुरून दाबायचा बिनतारी रिमोट आला आणि भाऊजींचे पाय जमिनीला लागेनात. तिन्हीसांजेला हमरस्त्याकडेला तिपाई रोवायची, कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवायचा, म्हणजे धावत्या ट्रकचे दिवे फोटोत लाल दोऱ्यांसारखे उमटतात, हा त्यांचा जुना छंद. हात लागून कॅमेरा थरथरायला नको, म्हणून आता ते ढाब्यात बसून, चहा पीत पीत बटण दाबू लागले. एकटीच उभी तिपाई पाहून बाजारात बोभाटा झाला की रस्ता रुंद करायची पैमाइश, म्हणजे सरकारी मोजणी, लागली. आपापले ओटे वाचवायला दुकानदारांनी तिपाईचे मालक म्हणून भाऊजींना आठवडाभर भजी चारली. भाऊजींनी ती मनापासून खाल्ली आणि प्रत्येकाला ओट्यासकट फोटो काढून दिला.

त्या दिवाळीला अक्का हटूनच बसली. ‘आता तं कॅमेऱ्यामागं उभं राहाचं कामच नाही ना? बसा माह्याजवळ.’ नुसत्या पणत्यांच्या उजेडात फोटो घ्यायचा, म्हणजे दोघांनी काही वेळ अगदी निश्चल बसायचं, असं ठरलं. भाऊजींनी बटण दाबलं, डोळा उघडला, आणि ते खरोखर देवासारखे बसले. पण अक्का लाजली आणि तिची मान जराशी खाली गेली. झालं! भाऊजी उठले, बाजूनं वाकले, दोन बोटांनी तिची हनुवटी सावरून धरली, ‘हालू नोको’ म्हणाले आणि दुसऱ्या हातानं बटण दाबून डोळा मिटवून मोकळे झाले.

फोटो धुऊन आला. अक्का लख्ख. शेजारच्या खुर्चीतल्या पुसट भाऊजींमधून मागची भिंत दिसते, खुर्चीपासून अक्कापर्यंत धुराचा एक पट्टा, आणि तिच्या हनुवटीखाली दोन बोटं, नखांसकट स्पष्ट. आम्ही पोट धरधरून हसलो. भाऊजी खजील होऊन म्हणाले, पुढच्या दिवाळीला पुन्हा काढू. ती दिवाळी त्यांना लाभली नाही.

गावातल्या भिंतींवर हार घातलेले जेवढे फोटो, तेवढे सगळे त्यांनी काढलेले; त्यांचा स्वतःचा मात्र हा एकच. तेराव्याला मी तोच टांगला. हार उचलला, तशी अक्कानं माझा हात धरला.

‘हार काऊन घालतं रे बाबू? हालून राह्यले ना ते अजून.’