आवाजाचा डबा आणि माझा उचललेला पाय

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग ऐका. मागे हे सांगताना एका मित्राच्या नाकातून चहा आला होता आणि त्याच्या बायकोची बोलणी मला खावी लागली. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केलाय हो, पण डोणगावच्या भर मंडपात, एका पायावर उभं राहून केलेला हा एवढाच.

महाराष्ट्र होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. मी बुलढाण्याला कचेरीत कारकून होतो आणि संध्याकाळी सलीमभाईंच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो. सलीमभाई शिंपी. दिवसभर पँटी शिवायच्या आणि दिवेलागणीला अ‍ॅकॉर्डियन गळ्यात अडकवायचं. कापडाचे गठ्ठे भिंतीला सारले की तेच दुकान आमची तालमीची खोली.

ऑर्केस्ट्रा सलीमभाईंचा असला तरी शब्द चालायचा दामूगुरुजींचा. गुरुजी सत्तरीचे, हार्मोनियम वाजवायचे. सूर म्हणजे काय हे मला त्यांनीच शिकवलं. वाद्याच्या बाबतीत मात्र भलते कडक. एकदा मी घाईत तबला ओलांडून गेलो, तर त्यांनी मला तबल्यापुढे कान धरून उभं केलं. तेव्हा माझं वय किती? सव्वीस. लग्न ठरलं होतं माझं.

माझी सपाट, भरीव लाकडाची गिटार गुरुजींना कधी पटली नाही. "हिले पोटच नाही," ते म्हणायचे, "आवाज येईल कुठून?"

अशात डोणगावचा कार्यक्रम ठरला. तिथल्या वाचनालयाच्या मदतीसाठी, चांगला मोठा मंडप वगैरे. आणि तालमीत गुरुजी सगळ्यांसमोर म्हणाले, "सलीमभाई, वडनेर भोलजीचा तो बँजोवाला घ्या. मध्याच्या गिटारीत एकच आवाज आहे. लोकाईले सिनेमातल्यावानी पायजे."

"मग मी?" मी विचारलं.

"तू ये ना. खुर्च्या मांडायले माणूस लागतेच."

मला ते फार लागलं. कचेरीत माझ्याकडे कुणी मान वर करून बघायचं नाही. ती गिटार हातात असली की तेवढ्यापुरता मी कुणीतरी असायचो. सलीमभाईंना दया आली. ते म्हणाले, "गुरुजी, आठ दिवस द्या त्याले. कुछ नया सुनवतो का पाहू."

दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि खामगावला वाद्यांच्या दुकानात गेलो. गिटारीचा आवाज बदलणारी पेडलं मिळतात, एवढं ऐकून होतो. दुकानदार शेटजींनी काउंटरवर एक चकाकणारं परदेशी पेडल ठेवलं.

"हे पाहा साहेब. पण यात आवाज एकच. तीन आवाज पायजे असतीन तं असे तीन घ्या. तीनाईच्या तीन वायरी. एसटीच्या टपावर टाकून नेसान का?"

"परवडणारं काही?"

मग त्यांनी खालून एक लोखंडी डबा काढला. जेवणाच्या डब्याएवढा, हिरवा रंग, वर दोन जाड बटणं आणि एक वरखाली हलणारी पट्टी. मुंबईचा कुणी कारागीर बनवायचा म्हणे. शेटजी काउंटरवरच अंगठ्यानं बटणं दाबत होते आणि मी गिटार छेडत होतो. पहिल्या बटणानं आवाज फाटला, दुसऱ्यानं थरथरला. आणि पट्टी हलवली तर गिटार चक्क माणसासारखी बोलायला लागली. वांव, वांव. मी तर वेडाच झालो.

"एकात तीन आवाज," शेटजी म्हणाले. "सेलवर चालते. गावची लाईन गेली तरी तुमचं चालू. पिशवीत टाका अन् जा." मी निघताना मागून त्यांनी हाकही मारली, "साहेब, खाली ठेवून पायानं दाबायचं बरं का. हातानं तं मी तुम्हाले दाखवलं फक्त."

आता इथपर्यंत माझी काही चूक नाही, हे लक्षात घ्या. चूक झाली ती शहाणपणा करायला गेलो तेव्हा.

बसमध्ये मी विचार केला, की गुरुजींना खूश करायचं तर नुसता आवाज ऐकवून भागणार नाही. म्हणून थेट त्यांच्या घरी गेलो, डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "गुरुजी, हे आवाज बदलायचं यंत्र. तुमच्या हातून पूजा झाल्याशिवाय मी याला हात लावणार नाही."

पेडल हा शब्द मी मुद्दाम टाळला असं नाही, पण उच्चारला नाही हे खरं. गुरुजी रोज सायकलवर फिरायचे. त्यांना लगेच कळलं असतं.

म्हातारा विरघळला हो. सलीमभाईंनाही बोलावून घेतलं. पाटावर डबा ठेवला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, नारळ फोडला. आणि गुरुजींनी वाकून त्या हिरव्या डब्यावर कपाळ टेकवलं. "आजपासून हा बी आपल्या घरातला," ते म्हणाले. "याचा मान ठेवजो."

तेवढ्यात सलीमभाईंनी विचारलं, "मधुभाऊ, पण हे दाबायचं कसं? तुमचे दोन्ही हात तं गिटारीवर."

मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांच्या कपाळाला डब्यावरचं कुंकू लागलं होतं. त्या माणसाला मी सांगू, की आता यावर लाथ ठेवायची आहे?

"कोपरानं," मी म्हणालो.

"कोपरानं?"

"हो. नवीन पद्धत आहे."

"शेटजीनं असंच सांगतलं?" गुरुजींनी विचारलं.

"हो गुरुजी."

झालं. सुताराकडून कमरेच्या वर येईल असं स्टूल करवून घेतलं. त्यावर डबा, शेजारी मी. चार दिवस घरी तालीम केली. शेजारच्या काकूंनी आईला हळूच विचारलं, की मधूच्या खांद्याला काही झालंय का. कोपराची साल निघाली, पण तिन्ही आवाज निघायला लागले. तालमीत गुरुजींनी ऐकलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "चला डोणगावले." मी हवेत.

डोणगावला संध्याकाळीच मंडप भरला होता. आणि पहिल्या रांगेत कोण? वडनेरचा बँजोवाला. मांडीवर बँजो घेऊन. सलीमभाई माझी नजर चुकवत म्हणाले, "असू द्या. एहतियात म्हणून बोलावला, ऐनवेळी अडायले नको."

पहिलं गाणं निभावलं. कोपर मारताना मी पुढच्या माणसाशी भांडतोय असं लांबून दिसत असावं, पण निभावलं. दुसरं होतं भजन. त्यात थरथरता आवाज हवा होता. कोपर चुकलं आणि भलतंच बटण दाबलं गेलं. ऐन विठ्ठलाच्या नावावर गिटार अशी फाटली, की पुढे बसलेल्या आज्यांनी कानावर हात ठेवले. बँजोवाल्यानं बँजोचं झाकण काढलं.

तिसऱ्या गाण्याची सुरुवातच त्या वांव-वांवनं होती. गायक माइकपाशी येऊन थांबला. मी घाबरलेला, कोपर जरा जोरातच हाणलं. स्टूल गेलं एकीकडे आणि डबा धाडकन खाली. फुटला नाही, उलटाही झाला नाही. बरोब्बर माझ्या उजव्या पायापुढे येऊन बसला, पट्टी वर.

मी चप्पल काढली. पाय उचलला. आणि तो पाय खाली येईना.

गायक माझ्याकडे बघतोय, सलीमभाई बघताहेत, आणि मी बगळ्यासारखा एका पायावर.

"मध्या," गुरुजी हार्मोनियमवरून म्हणाले, "पाय काऊन वर धरून राह्यला बे?"

"गुरुजी, हे पायानं दाबायचं असतं."

"मंग दाब ना."

"कसं दाबू? याची पूजा झाली. तुम्ही डोकं टेकवलं यावर."

गुरुजी माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणून तू आठ दिवस कोपर मारून राह्यला?"

"हो."

"अबे, मी नाटक कंपनीत अठरा वर्षं पायपेटी वाजवली. दोन्ही पायानं भाता मारायचा अन् दोन्ही हातानं वाजवायची. रोज पूजा करो, अन् रोज पाय ठेवो. नाचणारी चाळ कपायले लावते, अन् बांधते कुठं? पायातच ना? ओलांडणं येगळं अन् पाय ठेवणं येगळं."

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही."

"तू इचारलं कधी?"

आता एक गोष्ट सांगायची राहिली. हार्मोनियमपुढचा माइक चालू होता. हे सगळं बोलणं, गुरुजींच्या त्या 'कोपर' आणि माझ्या 'हो'सकट, अख्ख्या डोणगावानं कर्ण्यातून ऐकलं. मंडपात असा हशा उसळला, की बाहेर बांधलेले बैल उठून उभे राहिले.

गुरुजी मात्र हसले नाहीत. "सलीमभाई, सूर सांभाळा," म्हणाले आणि उठले. खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. डब्याला हात लावला, तो डोळ्यांना लावला आणि मग उजवा पाय त्या पट्टीवर ठेवला. "वाजव."

मी तार छेडली आणि त्यांनी पाय हलवला. काय सांगू! शेटजींच्या अंगठ्यातून निघाला नव्हता असा आवाज. कुठे दाबायचं, कुठे हळूच सोडायचं, म्हाताऱ्याचा पाय श्वास घ्यावा तसा चालत होता. माझी तीच गिटार, पोट नसलेली, आणि तिला रडूही येत होतं, हसूही येत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगतो. लोकांनी तेच गाणं चारदा वाजवायला लावलं. चौथ्या वेळी बँजोवाल्यानं झाकण लावून टाकलं.

परतताना गुरुजी म्हणाले, "हिले आवाज आहे रे. मलेच ऐकू येत नव्हता." माझी जागा पक्की झाली, असं मी समजलो. समजणारच ना?

पंधरा दिवसांनी वडनेर भोलजीचं पत्र आलं. सलीमभाईंनी तालमीत मोठ्यानं वाचलं: "आपली पार्टी अवश्य आणावी. डब्यावर पाय देणारे गुरुजी पाहिजेतच. सोबत गिटारवाला नसला तरी हरकत नाही, बँजो आमच्या गावात आहे."

मी गुरुजींकडे बघत होतो. त्यांनी चष्मा पुसला, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "मध्याले नेऊ. डबा उचलायले कोणी तं पायजे."