खुर्चीबाई

सांगलीच्या कॉलेजात आमच्या इंग्रजीच्या बाई कादंबरीचं कुठलंही पान उघडलं की आधी विचारायच्या, "या खोलीत कोण बसलंय आणि कोण उभं आहे?" म्हणून पोरांनी त्यांचं नाव खुर्चीबाई पाडलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं.

बी.ए.ला त्या अठराव्या शतकातल्या इंग्रज लेखिका शिकवायच्या. मी आष्ट्याची, उसाच्या घरातली. एसटीत धक्के खात यायचं आणि गोऱ्या बायकांच्या चहाच्या बैठका वाचायच्या, याचा मला वैताग यायचा. तसं एकदा बोलूनही दाखवलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, जमीन किती, यावर माणसाची किंमत तिथंही ठरायची. मुलीला चारचौघांत तोंड उघडायची सोय नव्हती. मग या बायकांनी काय केलं, तर ती गप्प बसलेली असताना तिच्या मनात काय चाललंय, ते पानभर लिहिलं. वाचणाऱ्याला सगळं कळतं, खोलीतल्या कुणालाच नाही." त्यानंतर मी पुढच्या बाकावर बसायला लागले.

शेवटच्या वर्षी, परीक्षा तोंडावर आलेली असताना तासगावच्या बागायतदाराचं स्थळ आलं. लग्न लगेच हवं होतं. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "परीक्षा काय पळून जातीय व्हय? असं स्थळ पुन्हा न्हाई." मी बाईंपाशी रडले. रविवारी पाहुणे मला बघायला आले, तर बाई न बोलावता आमच्या दारात हजर.

कॉलेजच्या बाई म्हणून दादांनी त्यांना चांगली खुर्ची दिली. पाहुणे बसलेले, आई दाराआड, मी पोहे देऊन मान खाली घालून उभी. नाव विचारलं, स्वयंपाक विचारला. बस म्हणायचं कुणालाच सुचलं नाही. तेवढ्यात बाई उठल्या, मला त्यांच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"मलाही एक विचारायचंय. तुझ्या मनात काय आहे गं?"

बसले होते म्हणून बोलता आलं. "मला आधी परीक्षा द्यायची हाय."

"पोरगी लय बोलती," पाहुण्यांतली म्हातारी म्हणाली. स्थळ गेलं. दादांनी अबोला धरला, पण परीक्षेला स्टँडवर सोडायला तेच आले.

मी पास झाले, त्याच वर्षी बाई नोकरी सोडून भावाकडे नागपूरला निघाल्या. मिरज स्टेशनवर त्या खिडकीशी बसलेल्या, मी फलाटावर उभी. त्या मला आईइतक्याच वाटायच्या, ते सांगायचं ठरवून आले होते. तोंडातून शब्द फुटेना. गाडी हलली.

बाईंनी खिडकीतून माझा हात धरला आणि म्हणाल्या, "राहू दे. मला वाचता येतं."